जौनपूरचा निकाल कुणी वाचला?

१९६२ सालची उत्तर मुंबईची लढत जुन्या मुंबईकरांच्या बोलण्यात पुढे कित्येक वर्षं येत राहिली. एका बाजूला संरक्षणमंत्री कृष्ण मेनन, दुसऱ्या बाजूला आचार्य जे. बी. कृपलानी. एकेकाळी काँग्रेसचे अध्यक्ष असलेले कृपलानी आता काँग्रेसच्याच विरोधात उभे होते, आणि मेनन यांच्यासाठी खुद्द पंडित नेहरू प्रचाराला उतरले होते. मेनन जवळजवळ दीड लाख मतांनी निवडून आले. त्याच निवडणुकीत उत्तर प्रदेशातल्या फुलपूरमध्ये डॉ. राममनोहर लोहिया थेट नेहरूंच्या विरोधात उभे राहिले आणि सुमारे ६४ हजार मतांनी पडले. विरोधी पक्षांतली मोठमोठी माणसं त्या वर्षी लोकसभेच्या बाहेर राहिली. स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानीही त्यांतले एक.

लोकसभेच्या ४९४ जागांपैकी ३६१ काँग्रेसकडे होत्या. कम्युनिस्ट २९, स्वतंत्र १८, जनसंघ १४, प्रजा समाजवादी १२ आणि लोहियांचा समाजवादी पक्ष ६. सभागृहात नजर टाकली तर विरोधक शोधावे लागत. मात्र मतांचा आकडा वेगळंच सांगत होता. काँग्रेसला मिळालेली मतं ४४.७ टक्के होती. म्हणजे मतदान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी काँग्रेसला मत दिलेलं नव्हतं. त्यांचं मत पाच-सहा पक्षांत आणि असंख्य अपक्षांत वाटलं गेलं होतं, एवढंच. हा आकडा सगळ्यांसमोर होता. त्याचा अर्थ लावण्याची निकड त्या वेळी फारशी कुणाला वाटली नाही.

पंधरा महिन्यांनी, मे १९६३ मध्ये, कृपलानी, लोहिया आणि मसानी असे तिघेही लोकसभेवर निवडून आले. तिघेही पोटनिवडणुकीतून, तिघेही काँग्रेसच्या हातातल्या जागांवरून. या तीन निकालांनी दिल्लीत जेवढी खळबळ उडवली तेवढी त्याआधी कुठल्याच पोटनिवडणुकीने उडवली नव्हती. आणि त्या खळबळीतून प्रत्येक पक्षाने आपापला जो अर्थ काढला, त्याने पुढच्या आठ वर्षांचं राजकारण घडवलं. निकाल आणि निकालाचा अर्थ यांच्यात किती अंतर असू शकतं हे समजून घ्यायला आपल्या संसदीय इतिहासात यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मधल्या पंधरा महिन्यांत देशाने एक युद्ध पाहिलं. २० ऑक्टोबर १९६२ला चीनने हल्ला केला, २६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली, २१ नोव्हेंबरला चीनने आपणहून युद्धबंदी केली. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. उत्तर मुंबईत दीड लाखांनी जिंकलेल्या मेनन यांना वर्ष संपण्याआधीच मंत्रिमंडळातून जावं लागलं. त्यांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं तेव्हा म्हटलं गेलं आणि ते मराठी माणसाच्या कायमचं लक्षात राहिलं. चव्हाणांना लोकसभेत यायचं होतं. नाशिकच्या पोटनिवडणुकीत त्यांच्यासमोर कुणीच उमेदवार दिला नाही आणि १९६३ मध्ये ते बिनविरोध निवडून आले. मेमधल्या निकालांची चर्चा करताना नाशिकचं नाव फारसं निघत नाही, कारण तिथे मतदानच झालं नाही. पण तोही एक निकालच होता. युद्धात हरलेल्या सरकारचा संरक्षणमंत्री बिनविरोध येतो, याचा अर्थ लोकांचा राग सरसकट नव्हता. तो माणसं पाहून, जागा पाहून व्यक्त होत होता.

युद्धामागून कर आले. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम लागू झाले आणि चौदा कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आली. पिढ्यान्‌पिढ्या बावीस कॅरेटचं काम करणाऱ्या सोनारांचे हात रिकामे झाले. अर्थमंत्री मोरारजी देसाईंच्या अंदाजपत्रकाने सक्तीची बचत योजना आणली. तिची झळ नोकरदाराला लागली तशी सारा भरणाऱ्या शेतकऱ्यालाही लागली. लढाईसाठी पैसा लागतो हे लोकांना कळत होतं. त्यांनी मागण्याआधीच सोनंनाणं दिलंही होतं. पण हरलेल्या लढाईचं बिल सक्तीने वसूल होऊ लागलं तेव्हा मनात साठलेलं बाहेर यायला वाट हवी होती. ती वाट उत्तर प्रदेशातल्या तीन आणि गुजरातमधल्या एका मतदारसंघात मिळाली.

अमरोहा ही जागा मौलाना हिफ्जुर रहमान यांच्या निधनाने रिकामी झाली होती. जमियत उलेमाचे ते नेते, काँग्रेसचे खासदार. मुरादाबाद जिल्ह्यातल्या या मतदारसंघात मुस्लिम मतदारांची संख्या मोठी होती. काँग्रेसने तिथे हाफिज मोहम्मद इब्राहिम यांना उभं केलं. ते केंद्रात सिंचन आणि वीज खात्याचे मंत्री होते, राज्यसभेचे सदस्य होते. त्यांना लोकसभेच्या पोटनिवडणुकीत उतरवण्याची कायद्याने काहीच गरज नव्हती. मंत्री उभा केला की जागा हमखास येईल, हा हिशेब होता. समोर कृपलानी अपक्ष म्हणून उभे राहिले आणि जनसंघ, स्वतंत्र पक्ष, दोन्ही समाजवादी असे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष त्यांच्या मागे आले. प्रचारात धर्माचा सूर दोन्ही बाजूंनी उमटला हे नाकारण्यात अर्थ नाही. केंद्रीय मंत्री हरला, आणि मोठ्या फरकाने हरला. इब्राहिम पुढे पंजाबचे राज्यपाल झाले.

या लढतीतली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. कृपलानी ज्या उत्तर प्रदेशात काँग्रेसविरुद्ध लढत होते, त्याच राज्याच्या काँग्रेस सरकारात त्यांच्या पत्नी सुचेता कृपलानी मंत्री होत्या. नवरा-बायको दोन वेगळ्या बाजूंना होते आणि दोघांनीही आपली बाजू सोडली नाही. त्या काळातल्या राजकारणात माणसं पक्षासाठी भांडत, पण घर मोडत नसत.

फर्रुखाबादेत लोहिया होते. तिथली काँग्रेसची जागाही खासदाराच्या निधनानेच रिकामी झालेली. त्यांच्यासमोर काँग्रेसने दिला होता एक मराठी माणूस, डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना हद्दपार करणारे नभोवाणीमंत्री म्हणून केसकर आपल्याला ठाऊक असतात. त्यांच्या त्या निर्णयाने रेडिओ सिलोनचं भलं झालं, हेही सर्वांना ठाऊक आहे. पण याच माणसाने शास्त्रीय संगीताला सरकारी माध्यमात मानाची जागा दिली. १९५२ पासून ते उत्तर प्रदेशातून लोकसभेवर निवडून येत होते, १९६२ मध्ये पडले. काँग्रेसने पडलेल्या माणसाला पुन्हा संधी दिली, तीही लोहियांसमोर. लोहियांनी त्यांचा पन्नास हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. एका वर्षापूर्वी नेहरूंकडून हरलेले लोहिया त्रेपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा लोकसभेत निघाले.

राजकोटची गोष्ट निराळी. गांधीजींचं बालपण जिथे गेलं आणि १९३९ मध्ये जिथे त्यांनी उपोषण केलं ते हे गाव. उच्छंगराय ढेबर इथले खासदार, सौराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री, काँग्रेसचे माजी अध्यक्ष. खादी आणि ग्रामोद्योगाच्या कामासाठी त्यांनी जागा सोडली. तिथे मसानी उभे राहिले. मुंबईचे पारशी, एकेकाळी मुंबईचे महापौर, आता राजाजींच्या स्वतंत्र पक्षाचे मुख्य संघटक. गुजरातेत भाईलालभाई पटेलांनी पक्षाचा पाया घातला होता. १९६२च्या विधानसभेत १५४ पैकी २६ जागा स्वतंत्र पक्षाला मिळाल्या होत्या. त्यामुळे मसानींचा विजय वाऱ्यावरचा नव्हता. तिथे एक पक्ष खरोखर वाढत होता.

आणि चौथी जागा, जौनपूर. १९६२ मध्ये ही जागा जनसंघाने जिंकली होती. त्यांचे खासदार ब्रह्मजीत सिंह वारले आणि पक्षाने सरचिटणीस दीनदयाळ उपाध्याय यांनाच उभं केलं. त्यांच्यासाठी लोहियांनी सभा घेतल्या. लोहियांसाठी जनसंघाचे कार्यकर्ते फर्रुखाबादेत राबले होते, त्याची ही परतफेड होती. या देवाणघेवाणीमागे जनसंघाच्या बाजूने नानाजी देशमुख होते. मराठवाड्यातल्या कडोळीचा हा माणूस उत्तर प्रदेशात जनसंघाची बांधणी करत होता. हवा काँग्रेसविरोधी, जागा जनसंघाचीच, उमेदवार पक्षाचा सर्वांत मोठा विचारवंत, सोबतीला लोहियांचं वक्तृत्व. तरीही काँग्रेसचे राजदेव सिंह निवडून आले.

जनसंघाच्या गोटात त्या प्रचारातली एक गोष्ट सांगितली जाते. काँग्रेसचा उमेदवार ठाकूर आहे, तेव्हा आपण ब्राह्मणांना जातीच्या नावाने हाक देऊ, असं कार्यकर्त्यांनी सुचवलं. दीनदयाळजींनी साफ नकार दिला. तत्त्वनिष्ठेचं उदाहरण म्हणून ही गोष्ट सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात आणखी एक साक्ष दडलेली आहे. जौनपूरच्या कार्यकर्त्याला मत कसं ठरतं हे ठाऊक होतं. ते सभेतल्या टाळ्यांवरून ठरत नव्हतं आणि दोन नेत्यांच्या मैत्रीवरूनही ठरत नव्हतं. लोहियांचा मतदार आणि जनसंघाचा मतदार यांना एका मंचावर आणलं म्हणून ते एका चिन्हावर शिक्का मारतीलच, असं नव्हतं.

आता निकालांचे अर्थ कसे लागले ते पाहू.

काँग्रेसमध्ये दोन अर्थ निघाले आणि ते एकमेकांच्या उलट होते. डाव्या गटाला दिसलं की धर्मवादी आणि भांडवलवाले एकत्र येऊन नेहरूंवर चालून आलेत, तेव्हा समाजवादाचा वेग वाढवला पाहिजे. उजव्या गटाला दिसलं की कर, नियंत्रणं आणि सहकारी शेतीच्या गप्पा यांनी आपला जुना मतदार दुरावला. एकाच निकालातून प्रत्येकाला तेच कळलं जे तो आधीपासून म्हणत होता. पण तिसरा एक अर्थ होता आणि तो गावपातळीवरच्या काँग्रेसवाल्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. उत्तर प्रदेश काँग्रेसमध्ये चंद्रभानू गुप्तांचा गट आणि कमलापती त्रिपाठींचा गट यांच्यात उभा दावा होता. बाहेरून लादलेल्या उमेदवारासाठी कुठल्या गटाने किती मनापासून काम केलं, हे मतपेट्यांत दिसत होतं.

हा तिसरा अर्थ ज्या माणसाने मनावर घेतला तो दिल्लीचा नव्हता. मद्रासचे मुख्यमंत्री के. कामराज यांनी नेहरूंना सुचवलं की ज्येष्ठ मंत्र्यांनी आणि मुख्यमंत्र्यांनी पदं सोडून पक्षाच्या कामाला लागावं, आणि सुरुवात आपल्यापासून करावी. ऑगस्ट १९६३ मध्ये काँग्रेसने ही योजना मान्य केली. २४ ऑगस्टला नेहरूंनी कुणाकुणाचे राजीनामे स्वीकारले ते जाहीर केलं. केंद्रातून मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री, जगजीवन राम, स. का. पाटील, गोपाल रेड्डी आणि श्रीमाळी हे सहा जण. राज्यांतून कामराज, बिजू पटनाईक, चंद्रभानू गुप्ता, बिनोदानंद झा, बक्षी गुलाम मोहम्मद आणि मंडलोई हे सहा मुख्यमंत्री. मोरारजींना कायमचा संशय राहिला की हे सगळं आपल्याला वारसाच्या शर्यतीतून दूर करण्यासाठी होतं. त्यांच्यानंतर अर्थखात्यात आलेल्या टी. टी. कृष्णमाचारींनी सक्तीच्या बचत योजनेची धार बरीचशी काढून टाकली. मतदाराच्या तक्रारीचं खरं निवारण झालं ते एवढंच, असं मला वाटतं.

उत्तर प्रदेशात गुप्ता गेले आणि त्यांच्या जागी कोण आलं? सुचेता कृपलानी. २ ऑक्टोबर १९६३ला त्या देशातल्या पहिल्या महिला मुख्यमंत्री झाल्या. अमरोहात पतीने काँग्रेसला हरवलं, त्या पराभवाच्या लाटेत काँग्रेसने जी उलथापालथ केली तिच्यातून पत्नी काँग्रेसची मुख्यमंत्री झाली. आणि ही उलथापालथ चालू असताना लोकसभेत पती काय करत होते? स्वतंत्र भारताच्या इतिहासातला पहिला अविश्वास ठराव मांडत होते.

तो ठराव ऑगस्टमध्ये आला. चार दिवस चर्चा झाली. बाजूने ६२, विरोधात ३४७. ठराव पडणार हे मांडणाऱ्यालाही माहीत होतं. पण सोळा वर्षांत पहिल्यांदा नेहरूंच्या सरकारला सभागृहात उभं राहून सर्वच गोष्टींचा जाब द्यावा लागला. नेहरूंनी उत्तरात विरोधकांच्या या गोळाबेरजेवर बोट ठेवलं: यांना बांधणारी गोष्ट नकारात्मक आहे, काँग्रेस नको एवढंच यांचं एकमत. हे त्यांचं म्हणणं खरं होतं.

याच काळात लोहियांनी तीन आण्यांचा प्रश्न काढला. देशातले साठ टक्के लोक, म्हणजे सत्तावीस कोटी माणसं, दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असं ते म्हणाले. आणे सरकारी हिशेबातून १९५७ मध्येच गेले होते, नवे पैसे आले होते. तीन आणे म्हणजे जेमतेम एकोणीस नवे पैसे. पण लोकांच्या तोंडी आणाच होता आणि लोहियांनी तोच धरला. पंतप्रधानांवर रोज पंचवीस हजार रुपये खर्च होतात, हा आकडा त्यांनी त्याच्या शेजारी ठेवला. नेहरूंनी प्रत्युत्तरात पंधरा आणे सांगितले. लोहिया म्हणाले, तुमचे पंधरा आणे ही साऱ्या देशाची सरासरी, तिच्यात गिरणीमालकही आला आणि जमीनदारही आला. मी बोलतोय ते तळाच्या साठ टक्क्यांबद्दल. सप्टेंबरमध्ये या एका मुद्द्यावर लोकसभेत वेगळी चर्चा झाली. गरिबीची मोजणी हा विषय त्या दिवसापासून संसदेच्या पटलावरून उतरलेला नाही. फर्रुखाबादच्या मतदाराने काही दिलं असेल तर ते हे. त्याने सरकार बदललं नाही, पण एक माणूस आत पाठवला आणि त्या माणसाने सरकारला आकड्यांचा हिशेब द्यायला लावला. पोटनिवडणूक जे उत्तम काम करू शकते ते हेच, असं माझं मत आहे.

विरोधकांनी मात्र याच्यापेक्षा मोठा अर्थ काढला. लोहियांना दिसलं की काँग्रेस अजिंक्य नाही, मतं फुटतात म्हणून ती जिंकते. ती फूट थांबवली की काँग्रेस पडते. अमरोहात पडली, फर्रुखाबादेत पडली, राजकोटात पडली. १९६३च्या अखेरीस कलकत्त्याला झालेल्या पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी बिगरकाँग्रेसवादाची मांडणी केली. काँग्रेसला हटवण्यासाठी कुणाशीही हात मिळवायचा, अगदी जनसंघाशीसुद्धा. पक्षातल्या दोन तरुणांना हे पचलं नाही, मधू लिमये आणि जॉर्ज फर्नांडिस. मुंबईच्या गिरणगावात आणि गोदीत काम केलेल्या या माणसांना पक्ष म्हणजे काय आणि जनसंघ म्हणजे काय, हे रस्त्यावर अनुभवाने कळलेलं होतं. शेवटी त्यांनी डॉक्टरांचं ऐकलं. पुढच्याच वर्षी पुण्याचे लिमये बिहारमधल्या मुंगेरहून पोटनिवडणुकीत निवडून आले. फर्रुखाबादेत एक मराठी माणूस पडला होता, मुंगेरात दुसरा निवडून आला.

लोहियांचं गणित चुकीचं नव्हतं. ४४.७ टक्क्यांत ३६१ जागा येतात हे आकडेच त्यांच्या बाजूने बोलत होते. माझा आक्षेप वेगळा आहे. तीन पोटनिवडणुकांतला विजय हा बेरजेचा पुरावा नव्हता.

एक तर पोटनिवडणुकीत मतदाराला सरकार जाण्याची भीती नसते. दिल्लीत ३६१ जण बसलेले आहेत, आपल्या मताने त्यांतला एक कमी होईल, नेहरू पंतप्रधान राहतीलच, हे अमरोहातल्या माणसाला नीट कळत होतं. राग व्यक्त करायची ही बिनजोखमीची संधी असते. घरातल्या वडीलधाऱ्यांवर रुसून एक दिवस न जेवणारा मुलगा घर सोडायला निघालेला नसतो. दुसरं, पोटनिवडणुकीत सगळ्या देशाचे कार्यकर्ते एका जागी गोळा होतात. उत्तर प्रदेशभरचा जनसंघ, बिहारपर्यंतचे समाजवादी, मुंबईहून स्वतंत्र पक्षाचे लोक, सगळे एका-दोन जिल्ह्यांत उतरतात. सार्वत्रिक निवडणुकीत हेच कार्यकर्ते आपापल्या मतदारसंघात अडकलेले असतात. तीन जागांवर जो जोर लावता येतो तो पाचशे जागांवर लावता येत नाही. आणि तिसरं म्हणजे उमेदवार. कृपलानी, लोहिया आणि मसानी हे कुणी साधे उमेदवार नव्हते. तिघेही स्वातंत्र्यलढ्यात तावूनसुलाखून निघालेले. लोहिया आणि मसानी १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापणाऱ्यांपैकी होते, ज्या पक्षाची कल्पना नाशिकच्या तुरुंगात आकाराला आली. कृपलानी तर बारा वर्षं काँग्रेसचे सरचिटणीस होते. मतदाराने काँग्रेसच्या विरोधात मत दिलं, हे खरं. पण दिलं ते जुन्या काँग्रेसच्याच माणसांना. सच्च्या काँग्रेसवाल्यांनी आजच्या काँग्रेसवाल्यांना हरवलं, असाही या निकालांचा एक अर्थ होतो, आणि तो त्या वेळी ना काँग्रेसने लावला ना विरोधकांनी.

ज्या एका जागेवर विरोधकांचा उमेदवार त्या जुन्या परंपरेतला नव्हता, तिथे बेरीज करूनही हार झाली. ती जागा जौनपूर. त्या निकालाकडे कुणी पाहिलं नाही. एका बाजूला तीन विजय असताना एका पराभवाचा विचार कशाला? नेहरूंच्या निधनानंतर १९६४ मध्ये फुलपूरची पोटनिवडणूक झाली, तिथून विजयालक्ष्मी पंडित काँग्रेसतर्फे आरामात निवडून आल्या. त्याचाही अर्थ सहानुभूती एवढाच लावला गेला आणि पान उलटलं गेलं.

१९६७ आलं आणि वाटलं, लोहिया बरोबर होते. काँग्रेस लोकसभेत २८३ वर घसरली. उत्तर प्रदेश विधानसभेत ४२५ पैकी १९९ जागा मिळाल्या, आणि चरणसिंगांनी पक्ष सोडल्यावर सरकारही गेलं. बिहार, पंजाब, बंगाल, ओरिसा, मद्रास, केरळ, एकामागून एक राज्यं हातची गेली. संयुक्त विधायक दलाच्या मंत्रिमंडळांत जनसंघ, समाजवादी आणि काही ठिकाणी कम्युनिस्टही शेजारी शेजारी बसले. कामराज स्वतः विरुधुनगरमध्ये एका विद्यार्थी नेत्याकडून हरले. मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणवले गेलेले स. का. पाटील दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिसांकडून हरले. महाराष्ट्रात मात्र काँग्रेसने २७० पैकी २०३ जागा राखल्या, म्हणजे हीही लाट सरसकट नव्हतीच. कामराज आणि पाटील दोघेही १९६९ मध्ये लोकसभेत आले, कामराज नागरकोविलहून आणि पाटील बनासकांठाहून, दोघेही पोटनिवडणुकीतून.

लोहिया कनौजमधून निवडून आले, पण पाचशेहूनही कमी मतांनी. फर्रुखाबादमध्ये पन्नास हजारांहून मोठं असलेलं मताधिक्य त्याच परिसरात चार वर्षांत इथवर आलं. ऑक्टोबरमध्ये ते गेले. आपल्या कल्पनेतून उभी राहिलेली सरकारं काय करतात हे पाहायला त्यांना काही महिनेच मिळाले, आणि त्या महिन्यांत त्यांना समाधान वाटावं असं फारसं काही घडलं नव्हतं. उत्तर प्रदेशातलं आणि बिहारमधलं अशी दोन्ही सरकारं वर्षभरही टिकली नाहीत. काँग्रेस नको यावर एकमत असलेल्यांचं जमीन, भाषा, धान्यवसुली यांवर एकमत नव्हतं. नेहरूंनी ऑगस्ट १९६३ मध्ये सभागृहात जे म्हटलं होतं ते त्यांच्या मृत्यूनंतर खरं ठरलं.

तरीही बेरजेवरचा विश्वास गेला नाही. १९७१ मध्ये, काँग्रेस फुटल्यानंतर, इंदिरा गांधींच्या विरोधातली संघटना काँग्रेस, जनसंघ, स्वतंत्र पक्ष आणि संयुक्त समाजवादी पक्ष यांनी बडी आघाडी केली. मतं फुटणार नाहीत, इंदिरा गांधी पडतील, हा हिशेब आठ वर्षांपूर्वीच्या तीन निकालांवरच उभा होता. समोरच्या बाजूला या वेळी जुनी काँग्रेस नव्हती. गरिबी हटवण्याची भाषा बोलणारी नवी बाई होती, आणि तीन आण्यांचा लोहियांचा प्रश्न तिने उचलून आपलासा केला होता. मतदाराला आता रुसवा दाखवायचा नव्हता, सरकार निवडायचं होतं. इंदिरा गांधींच्या पक्षाला ३५२ जागा मिळाल्या. जनसंघ ३५ वरून २२ वर आला, संयुक्त समाजवादी २३ वरून ३ वर, स्वतंत्र पक्ष ४४ वरून ८ वर. राजकोटमध्ये घनश्याम ओझांनी मिनू मसानींचा पराभव केला. मसानींनी पक्षाचं अध्यक्षपद सोडलं आणि पुन्हा कधी निवडणूक लढवली नाही. १९७४ मध्ये स्वतंत्र पक्ष चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन झाला.